नाव विचारू नका, तारखा विचारा: बाल न्याय यंत्रणेवर गावातून लक्ष कसं ठेवायचं

विहिरीवरची मोटार गेली, केबल कापली आणि संशय गावातल्याच सोळा वर्षांच्या पोरावर आला, की मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात दोन गोष्टी हमखास होतात. सरपंचाचा फोन वाजतो आणि पोराचं नाव व्हॉट्सॲपवर फिरतं. पोलीस येतात, पोराला घेऊन जातात, आणि तिथून पुढं गावाचा त्या पोराशी संबंध संपतो. त्याला कुठं ठेवलं, बाल न्याय मंडळापुढं कधी नेलं, चौकशी किती महिने चालली, हे विचारायला कुणी जात नाही. आई-बाप उसाच्या फडावर असतील तर त्यांनाही चार दिवसांनी कळतं.

हे विचारायचा हक्क आणि थोडीफार जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे: सरपंच, ग्राम बाल संरक्षण समितीचे सदस्य, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचे सदस्य, नगरसेवक आणि कागद वाचायची सवय असलेला कुणीही नागरिक. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. मुलानं काय केलं, त्याला सोडायचं की ठेवायचं, हे ठरवणं तुमचं काम नाही. ते बाल न्याय मंडळाचं. तुमचं काम यंत्रणेची हजेरी घ्यायचं. पदं भरली आहेत का, भेटी झाल्या का, मुदती पाळल्या का, एवढंच विचारायचं. मुलाचं नाव न घेता हे सगळं विचारता येतं, आणि तसंच विचारायचं.

आधी कार्यालय बरोबर गाठा

निम्मी चौकशी चुकीच्या दारात अडकते. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत एखादा सदस्य उठून निरीक्षणगृहाबद्दल (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ते ठिकाण) विचारतो आणि महिला व बालकल्याण विभागाचे अधिकारी सांगतात, ‘हा विषय आमच्याकडं नाही.’ ते खरंच सांगत असतात. जिल्हा परिषदेचा तो विभाग अंगणवाड्या आणि पोषण आहार बघतो. बाल न्याय मंडळ, बाल कल्याण समिती, निरीक्षणगृह हा सगळा पसारा राज्य शासनाच्या महिला व बाल विकास खात्याचा. जिल्ह्यात त्याचे प्रमुख जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी, वर पुण्याचं आयुक्तालय. मैदानावरचं रोजचं काम जिल्हा बाल संरक्षण कक्ष करतो. त्यातली बहुतेक माणसं मिशन वात्सल्य योजनेत कंत्राटी आहेत, हेही ध्यानात असू द्या. कक्षातला माणूस टाळाटाळ करतोय असं वाटतं तेव्हा कधी कधी तो तिघांचं काम एकटा करत असतो.

लोकांच्या तोंडी ‘रिमांड होम’ हा एकच शब्द आहे, पण आत दोन वेगळ्या वाटा आहेत. कायदा मोडल्याचा आरोप असलेलं मूल म्हणजे विधि संघर्षग्रस्त बालक. ते बाल न्याय मंडळाकडं जातं. हरवलेलं, सोडून दिलेलं, बालविवाहातून किंवा मजुरीतून सोडवलेलं मूल बाल कल्याण समितीकडं जातं. मंडळात तीन जण: प्रथम वर्ग किंवा महानगर न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली किमान एक महिला. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य.

आता सगळ्यात महत्त्वाचं दार: जिल्हाधिकारी. कायदा बाल न्याय अधिनियम २०१५ चा. त्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू आहे. या दुरुस्तीनं जिल्हाधिकाऱ्यांना मध्यभागी आणलं. जिल्हा बाल संरक्षण कक्ष त्यांच्या देखरेखीखाली आला. बाल कल्याण समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावा त्यांनी घ्यायचा. मंडळाकडं किती प्रकरणं पडून आहेत याची तिमाही माहिती त्यांच्याकडंही येते. मुलाच्या हितासाठी कुठलीही माहिती ते मंडळाकडून आणि समितीकडून मागवू शकतात. मंडळाचा आदेश मात्र ते बदलू शकत नाहीत, तुम्हीही नाही. त्यासाठी अपील आहे. म्हणून बीड असो की हिंगोली, तुमचा लेखी प्रश्न शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर जायला हवा. जिल्हा परिषदेनं फार तर ठराव करून तो तिकडं पाठवावा.

गावातली समिती कागदावरून उठवा

महाराष्ट्रात ग्राम बाल संरक्षण समितीचे अध्यक्ष सरपंच आणि सदस्य सचिव अंगणवाडी सेविका. शहरात प्रभाग पातळीवर अशीच समिती असते. बहुतेक गावांत ती आहे. विचारलं तर रजिस्टरही दाखवतात. ते रजिस्टर उघडून एकच गोष्ट पाहा: सलग तीन बैठकांचं इतिवृत्त एकाच शाईत, एकाच दमात लिहिलंय का? लिहिलं असेल तर समिती चालत नाही, एवढं निदान पुरेसं आहे. कुणाला फासावर द्यायची गरज नाही, पुढची बैठक खरी घ्या.

त्या बैठकीत दोन कामं करा. पहिलं म्हणजे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कोयता घेऊन जाणाऱ्या कुटुंबांची यादी. बीड, धाराशिव, जालन्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवर पुढचे पाच-सहा महिने म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं एवढीच उरतात. ही पोरं कुणाकडं आहेत, आई-बाप कुठल्या कारखान्याला गेलेत, मुकादमाचा नंबर काय, हे अंगणवाडी सेविकेकडं लिहिलेलं हवं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. जवळच्या वसतिगृहात जागा आहे का, ते याच बैठकीत विचारा. याचा बाल न्यायाशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध जामिनाशी आहे, तो पुढं येतोच.

दुसरं काम जन्म नोंदीचं. मूल अठराच्या आत आहे की बाहेर, यावर सगळं अवलंबून असतं, आणि कायद्यानं पुराव्याचा क्रम ठरवून दिलाय: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्म दाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आपल्याकडं गुरुजींनी निम्म्या गावाला १ जूनला जन्माला घातलंय, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेच्या खोट्या तारखेनं एखादं सतरा वर्षांचं पोरगं एकोणीसचं ठरतं आणि मोठ्यांच्या कारागृहात जातं. ग्रामपंचायतीची जन्म नोंदवही नीट असणं, राहिलेल्या नोंदी वेळेत करून घेणं, शाळेच्या तारखेशी मेळ नसेल तर मूल लहान असतानाच दुरुस्ती करायला लावणं: हे काम पूर्णपणे तुमच्या हातातलं आहे, त्याला कुठल्या वरच्या परवानगीची वाट बघायला नको.

पैशाचं विचारतील. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्चायचा असतो. तो शिलाई मशीन आणि सतरंज्यांत संपतो. मुलासोबत मंडळापुढं जाणाऱ्या आजीचं एसटीचं भाडं यातून देता येईल का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी विचारायला हरकत नाही.

पोलीस ठाण्यात काय पाहायचं

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी हवा, सहायक उपनिरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नको. त्याचं नाव ठाण्यात दर्शनी भागात लावलंय का? शांतता समितीच्या बैठकीला जाता तेव्हा सहज विचारा. उत्तर देताना ठाणेदारांनी इकडं-तिकडं पाहिलं तर समजून घ्या.

मोटारीचंच उदाहरण पुढं नेऊ. शेतातली साधी चोरी म्हणजे तीन वर्षांपर्यंतची शिक्षा, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या भाषेत किरकोळ गुन्हा. अशा वेळी नियम काय सांगतो? एफआयआर नोंदवायचा नाही, दैनंदिनीत नोंद करायची. मोठ्या माणसांसोबत मिळून केल्याचा आरोप असेल तर गोष्ट वेगळी. मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडून माहिती मंडळाकडं पाठवायची आणि सुनावणीला कधी यायचं ते पालकांना कळवायचं. मुलाला ताब्यात घ्यायचा अधिकार मुख्यतः अतिगंभीर (किमान सात वर्षं शिक्षेच्या) गुन्ह्यांसाठी आहे. बाकी वेळी त्याच्याच हिताचं असेल तरच. घेतलंच, तर चोवीस तासांच्या आत मंडळापुढं उभं करायचं, प्रवासाचा वेळ वगळून. मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यापुढंही नेता येतं, त्यामुळं ‘उद्या सुट्टी होती’ ही सबब चालत नाही. कोठडीत ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, गणवेशातल्या पोलिसांनी न्यायचं नाही.

सरपंच म्हणून ठाण्यात गेलात तर एवढंच विचारा: नोंद कुठं केली, किती वाजता ताब्यात घेतलं, पालकांना कुणी कळवलं, परिविक्षा अधिकाऱ्याला (मुलाच्या घरची माहिती काढून मंडळाला अहवाल देणारा प्रोबेशन ऑफिसर) कळवलं का, मंडळापुढं कधी नेणार. उत्तरं तिथंच वहीत लिहा, वेळेसकट. मिटवामिटवी करायला बसू नका. गावकीत पोराला चार थोबाडीत मारून दंड ठरवणं हा न्याय नाही, तो तुमच्याच अंगावर येणारा गुन्हा आहे. आणि ग्रुपवरचं ते नाव आधी काढायला लावा. मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी कलम ७४ मध्ये तरतूद आहे. गाव, शाळा, फोटो यांवरून ओळख पटली तरी ती उघड केल्यासारखीच. स्थानिक बातमीदारालाही हे आपणच सांगावं लागतं.

मंडळाचं कॅलेंडर

इथं तारखा पाठ असल्या पाहिजेत.

परिविक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत. चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन. किरकोळ गुन्ह्यात एवढ्या वाढीव मुदतीतही चौकशी संपली नाही तर प्रकरण आपोआप बंद होतं. हे बहुतेक पालकांना ठाऊक नसतं आणि ते वर्षानुवर्षं तारखांना येत राहतात. सोळा ते अठरा वयातल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याला मोठ्यांप्रमाणं न्यायालयापुढं पाठवायचं का, याचं प्राथमिक मूल्यांकन तीन महिन्यांत.

जामिनाची बाब मराठवाड्यात सगळ्यात जास्त अडते. कायद्यात मुलाला जामीन हा नियम आहे, गुन्हा अजामीनपात्र असला तरी. नाकारायचा तर कारणं लिहावी लागतात. जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय, परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात, अशा सगळ्या वाटा मोकळ्या आहेत. पण बाप कर्नाटकात ऊस तोडतोय, उचल घेतलेली, मुकादम सोडत नाही, गावात आजी एकटी. जामीन होतो आणि पोरगं आतच राहतं. अशा वेळी कलम १२ चं एक पोटकलम कामाला येतं: जामिनाच्या अटी सात दिवसांत पूर्ण करता आल्या नाहीत तर अटी बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढं आणावंच लागतं. गावातल्या समितीनं करायचं ते हेच. सातवा दिवस मोजायचा, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला कळवायचं. मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१००. आई-बापांचा ठावठिकाणा लिहून ठेवायला सांगितला तो यासाठी.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला तेव्हा त्याला जामीन देताना घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर अख्खा महाराष्ट्र बोलला. मंडळाच्या दोन सदस्यांना नंतर काढूनही टाकलं. एका प्रकरणातला एक आदेश सगळ्यांनी वाचला. आपापल्या जिल्ह्यातल्या मंडळात पद रिकामं आहे का, बैठका किती होतात, हे मात्र त्या गदारोळातही फारसं कुणी विचारलं नाही. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपली आणि नवी नेमणूक रेंगाळली की काम थंडावतं, कारण अंतिम आदेशाला न्यायदंडाधिकारी धरून किमान दोन जण लागतात. रिकामं पद हा लोकप्रतिनिधीचा हक्काचा प्रश्न आहे, तो विधानसभेत आमदारांकरवीही विचारता येतो. सर्वोच्च न्यायालयानंही ९ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात रिक्त पदं भरण्यावर आणि सामाजिक अंकेक्षणावर बोट ठेवलं होतं.

प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी घेतात.

निरीक्षणगृह: फळवाटप नको, कागद मागा

मराठवाड्यात निरीक्षणगृहाला पुढाऱ्यांच्या भेटी होतात त्या वाढदिवसाला. केळी, बिस्किटं, रांगेत उभी केलेली पोरं आणि फोटो. तो फोटो टाकला की कलम ७४ मोडलं. शिवाय अशा भेटीत काही कळत नाही. त्या दिवशी चादरी धुतलेल्या असतात.

कायदेशीर तपासणी कोण करतं ते बघा. मंडळानं महिन्यातून किमान एकदा भेट द्यायची. जिल्हा तपासणी समितीनं तीन महिन्यांतून एकदा, किमान तीन जणांच्या पथकानं, त्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवेत. भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडं, आणि त्यावर महिन्याभरात कार्यवाही. म्हणजे जिल्ह्यात वर्षाला निदान चार अहवाल आणि चार कार्यवाहीच्या टिपण्या तयार असायला हव्यात. पहिला प्रश्न याच आठ कागदांचा. दुसऱ्या तपासणीत जो दोष लिहिलाय तोच चौथीत पुन्हा आलाय का, एवढं पाहिलं तरी संस्थेची नाडी कळते.

परवानगी घेऊन प्रत्यक्ष जायची संधी मिळालीच, तपासणी समितीसोबत किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्रानं, तर दालनात चहा पिऊन परतू नका. संडास मोजा: सात मुलांमागं एक हवा. न्हाणीघर दहा मुलांमागं एक. झोपायची जागा मुलामागं ४० चौरस फूट. दुष्काळी महिन्यांत टँकर कधी येतो, आणि तो चुकला त्या दिवशी पोरांनी काय केलं, हे स्वयंपाकिणीला विचारा. अधीक्षकांपेक्षा ती खरं सांगेल. सूचनापेटी शोधा. ती कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. दर आठवड्याला मुलांच्या समितीसमोर उघडायची असते. कुलपावर धूळ बसली असेल तर आणखी विचारायची गरज नाही. लहान आणि मोठी मुलं वेगळी ठेवलीत का, मारामारीच्या गुन्ह्यातला सतरा वर्षांचा आणि भंगार उचलणारा बारा वर्षांचा एकाच खोलीत झोपतात का, हे डोळ्यांनी बघा. मुलांना ‘तू काय केलंस?’ असं चुकूनही विचारू नका.

संस्थेची नोंदणी पाच वर्षांची असते. कितीतरी निरीक्षणगृहं शासन स्वतः चालवत नाही, जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना चालवतात. त्यांचं अनुदान वेळेवर येतं का, हाही प्रश्न विचारायच्या यादीत घ्या. किराणा दुकानाची उधारी वाढली की त्याचा परिणाम सगळ्यात आधी ताटात दिसतो.

माहितीचा अर्ज असा लिहा

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, दहा रुपयांचं शुल्क. सगळं एका अर्जात कोंबलं तर तो सरळ फेटाळतात. नमुना:

‘प्रति, जन माहिती अधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालय. विषय: बाल न्याय अधिनियमाखालील तपासणी व प्रलंबित प्रकरणे. कालावधी: १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. (१) बाल न्याय मंडळाकडून प्राप्त झालेल्या तिमाही प्रलंबित प्रकरणांच्या विवरणपत्रांच्या प्रती. (२) जिल्हा तपासणी समितीच्या भेटींच्या तारखा, अहवाल व त्यावरील कार्यवाहीच्या प्रती. मुलांची ओळख पटेल असा सर्व मजकूर वगळून माहिती द्यावी.’

शेवटचं वाक्य विसरू नका. ‘गोपनीय’ म्हणून नकार देण्याचा रस्ता त्यानं अरुंद होतो, आणि तुमचा हेतूही स्वच्छ दिसतो. रिक्त पदांसाठी वेगळा अर्ज, तो जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. दुसरं अपील माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडं.

कागद हातात आले की ते घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या लोकशाही दिनाला जा, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. न्यायप्रविष्ट बाब तिथं घेत नाहीत, म्हणून एखाद्या मुलाच्या प्रकरणाबद्दल लिहू नका. ‘तपासणीचे दोन अहवाल का नाहीत’ असं लिहा. मारहाण किंवा छळाची माहिती मिळाली तर मात्र अर्ज-विनंत्यांत दिवस घालवू नका. १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवा, मंडळाला त्याच दिवशी लेखी द्या, राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाला प्रत पाठवा.

पोरगं परत आल्यावर

बहुतेक जण इथं हात झटकतात. कलम २४ म्हणतं, या कायद्याखाली दोषी ठरलेल्या मुलाला त्या कारणानं पुढं कुठलीही अपात्रता चिकटत नाही, आणि नोंदीही ठरावीक काळानंतर नष्ट करायच्या असतात. अतिगंभीर गुन्ह्यात मोठ्यांप्रमाणं खटला चाललेली सोळा वर्षांवरची मुलं तेवढी याला अपवाद. आता आपल्याकडची पोरं पहाटे पाचला रस्त्यानं धावताना दिसतात ती पोलीस आणि सैन्य भरतीसाठी. चारित्र्य पडताळणीत जुनी चौकशी निघते आणि मैदानी परीक्षा पास झालेला पोरगा घरी बसतो. अल्पवयात घडलेल्या गोष्टीवरून नोकरी नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये केंद्रीय सुरक्षा दलातल्या एका भरतीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. असा पोरगा तुमच्या दारात आला तर त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडं पाठवा आणि मंडळाच्या आदेशाची प्रत घरी जपून ठेवायला सांगा. ग्रामपंचायतीच्या रहिवासी किंवा वर्तणुकीच्या दाखल्यावर जुन्या भानगडीची ओळ लिहायचा मोह कर्मचाऱ्याला झाला, तर सरपंचांनी तिथंच कागद फाडून दुसरा लिहायला लावावा.